दोन अक्षरांचा रंग

१

भिंत रंगवायची तर आधी खरवडावी लागते. हे आजकालच्या पोरांना पटत नाही. जुन्या रंगावरच ब्रश फिरवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि पुढचं घर गाठायचं. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले की म्हणायचं, तुमची भिंतच नासकी. सोमाजीनं पंचेचाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, जुन्नरच्या पेठेपासून घाटघरच्या शेवटच्या छपरापर्यंत, पण न खरवडता एक हात मारला नाही. त्यापायी निम्म्या गिऱ्हाइकांशी भांडला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. भांडायला त्याला आवडायचं.

मूळ घराणं मेंढपाळाचं. बाप दर साल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नाणेघाटानं कोकणात उतरायचा. सोमाजी दुसरीतून शाळा सोडून त्याच्या मागं चालला. सोमाजीच्या तिशीत बाप वारला, तेव्हा मेंढरं विकली आणि हातात कुंचा धरला. आता वय सत्याहत्तर. घरामागच्या कुडाच्या गोठ्यात पाच मेंढरं उरली होती, तीही बायकोच्या, म्हाळसाबाईच्या हट्टापायी.

यंदा माघात भिंत घरचीच होती. नात सृष्टी पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचा बाप हनुमंत, म्हणजे सोमाजीचा पोरगा, भोसरीला चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायचा आणि तिथली लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. म्हणून पोर आजीकडं आली. मधली खोली तिला द्यायची ठरली आणि सोमाजी खरवडायचा पत्रा घेऊन भिंतीला भिडला.

वरचा थर बिस्किट कलरचा. हा डबा हनुमंतानं आणलेला. सोमाजी त्याला भिजलेलं बिस्किट म्हणायचा. त्याखाली पिस्ता. पिस्त्याखाली आकाशी, हनुमंताच्या लग्नातला. मग निळीचा चुना, मग पिवडी, आणि सगळ्यात तळाला लाल काव, घर उभं राहिलं तेव्हाची. हे सगळे हात त्यानं स्वतः मारलेले. घरही त्यानंच बांधलेलं, बहात्तरच्या दुष्काळानंतर आठ वर्षांनी, माती स्वतःच्या पायानं तुडवून. काव निघाली की खाली माती, हे त्याला डोळे मिटून माहीत होतं.

काव निघाली आणि खाली रंग लागला.

तळहाताएवढाच. सोमाजीनं पत्रा खाली ठेवला. पहिला संशय त्यानं डोळ्यांवर घेतला, आणि ते बरोबरच होतं. गेल्या शिमग्याला उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा अजून तसाच. तेव्हापासून त्याला सगळे रंग दोन दोन दिसायचे. चुना उजव्यानं पांढरा, डाव्यानं चहा सांडल्यासारखा. आभाळ उजव्यानं निळं, डाव्यानं मळकट. म्हणून कुठलाही रंग खात्रीनं बघायचा तर तो एकेक डोळा झाकून बघायचा.

त्यानं उजवा झाकला. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा.

हा रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच दिसत होता.

२

"म्हाळसे, हिकडं ये. ह्यो रंग कंचा, सांग."

म्हाळसाबाई हाताचं पीठ झटकत आली. "वांगी हाय की."

"वांगी? तुझ्या डोळ्यांचं बी आप्रेशन करायला पायजे."

"मंग मला इचारायचं कशाला?"

सृष्टी कमरेवर हात ठेवून सावकाश दारात आली. नववा लागला होता. तिनं बघितलं आणि म्हणाली, "पीच आहे आजोबा."

"पीच म्हंजे काय?"

"फळ असतं."

"तू खाल्लंय?"

"नाही."

"मंग कशाला त्याचं नाव घेती?"

एकीला वांगी, एकीला पीच. दोघी एकाच तळहातभर जागेकडं बघत होत्या. आणि ज्या माणसाला शंभर रंगांची नावं तोंडपाठ होती, त्याला एकही लावता येईना. आमसुली म्हणावं तर आमसुली नव्हता. पारवा म्हणावं तर पारव्याच्या जवळपासही नव्हता. नाव जिभेवर यायचं आणि रंगाला लावायला गेलं की गळून पडायचं, ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखं.

सृष्टीला बसल्या बसल्या उद्योग पाहिजेच होता. तिनं मोबाइल काढला. "आजोबा, किरमिजी म्हणजे माहितीये काय? किडा. किरमीज नावाचे किडे वाळवून रंग करायचे."

"असंल."

"आणि तुम्ही ती तांबडी पूड म्हणता ना, हिरमजी? ती हुर्मुज बंदरावरून यायची. समुद्रापलीकडून. बंदराचं नाव रंगाला लागलं."

"त्यात नवल काय? रंगाला सोताचं नाव नसतंच," सोमाजी म्हणाला. "तपकीर नाकात घातली, तवा तपकिरी झाला. अंजीर खाल्लं, तवा अंजिरी. आदी मोर नाचला, मग मोरपंखी. आदी वस्तू, मग रंग, मग नाव. उलटं कदी होत न्हाई."

"मग हा कुठल्या वस्तूचा?" सृष्टीनं विचारलं.

सोमाजीनं पत्र्याच्या कोपऱ्यानं त्या रंगाची खपली काढली, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

३

जुन्नरला ऋतिकचं रंगाचं दुकान. त्याच्या आज्यापासून सोमाजी तिथून माल घ्यायचा. आता दुकानात मशीन आलं होतं: कुठलीही वस्तू आणा, त्याच्या डोळ्याखाली धरा, ते रंग ओळखणार आणि डब्यात तसाच मिसळून देणार. सोमाजीनं त्या मशीनला आजवर शिव्याच घातल्या होत्या. आज तो स्वतःहून त्याच्यासमोर उभा राहिला.

"बाबा, तुम्ही आणि मशीन? आज पेढे वाटू का?" ऋतिक म्हणाला.

"थोबाड बंद कर आन् हे बघ."

ऋतिकनं खपली कागदावर ठेवली, वर ते हातातलं यंत्र टेकवलं. टिक वाजलं. त्यानं पडद्यावर बघितलं, यंत्र उचललं, पुसलं, पुन्हा टेकवलं.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, नमुना ठेवा."

"ठिवलाय की."

"मला दिसतोय ओ. त्याला दिसत न्हाई." ऋतिकनं यंत्र स्वतःच्या शर्टाला लावलं. मशीननं लगेच शर्टाचा रंग सांगितला, नंबरासकट. सोमाजीच्या टोपीला लावलं, तोही सांगितला. पुन्हा खपलीवर ठेवलं. नमुना ठेवा. खपलीच्या भोवतीचा वर्तमानपत्राचा कागद त्यानं ओळखला, पण मधोमध ठेवलेल्या खपलीच्या जागी त्याच्या लेखी काहीच नव्हतं.

"धूळ बसली असंल आत," ऋतिक म्हणाला. पण त्यानं खपली परत देताना बोटानं उचलली नाही. कागदाची कडा धरून सरकवली.

"तुला कंचा दिसतो?" सोमाजीनं विचारलं.

"मला व्हय?" ऋतिकनं यंत्र पुसून खाली ठेवलं. "माझ्या भावाची सायकल व्हती, तसला. ती इकली आमी. जाऊ द्या, पांढरा न्या बाबा. बाळंतिणीच्या खोलीला पांढराच बरा."

येताना एसटीत सोमाजीनं पुडी उघडली. आत मातीचं कोरडं ढेकूळ होतं. मातीच्या रंगाचं.

४

बुधवारी म्हाळसाबाई आणि सृष्टी तपासणीला तालुक्याला गेल्या. सोमाजी घरी एकटा. बाराचं ऊन दारात पडलं होतं आणि कुडात मेंढरं रवंथ करत होती.

तीन दिवसांत त्यानं त्या ठिकाणी पुट्टी भरली होती. सकाळी रंग पुट्टीच्या वर. ती काढून शेणमाती लिंपली, वर चुना मारला. रंग चुन्याच्या वर. त्यानं डोकं चालवलं. भिंतीत मीठ असलं की डाग वर येतो. ओल असली की येतो. पण ओलीचा डाग कडेनं पसरत जातो. ह्याची कड जिथल्या तिथं होती. तो मोठा होत नव्हता, लहान होत नव्हता. नुसता पुढं येऊन उभा राहत होता.

मेंढरांत असं व्हायचं. वाटेवर कुणाचं तरी चुकलेलं मेंढरू कळपात शिरायचं आणि सकाळी मुकाट उभं असायचं. बापानं त्याबाबत एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती शिकवताना सोमाजीच्या पाठीत काठी घातली होती. मालक सापडेस्तोवर त्याला पाणी दे, चारा दे, नाव देऊ नको. मेंढराला नाव रंगावरून पडतं: बांडी, लाखी, भुरी. नाव घेतलंस आणि त्यानं मान वर केली, की ते तुझं. त्याचा रोग तुझा, त्याचं मरण तुझं. मग मालक दारात आला तरी ते त्याच्या मागं जायचं नाही.

"कुनाचं हाईस रं तू?" सोमाजी भिंतीला म्हणाला.

आता शहाण्या माणसानं इथं थांबायला पाहिजे होतं. पण तीन दिवसांचा राग साचला होता. बायको वांगी म्हणते, नात पीच म्हणते, मशीन म्हणतं काहीच नाही. आणि साठ वर्षांपूर्वीची सवय हाताला असते तशी जिभेलाही असते. तो भिंतीजवळ गेला, मेंढराच्या कानाशी बोलावं तसा वाकला आणि त्यानं त्या रंगाला नाव दिलं.

काय दिलं ते इथं लिहीत नाही. दोन अक्षरी होतं. कानाला गोड होतं.

खोलीत काही हललं नाही. पण बाहेर पाचही मेंढरांचं रवंथ एकदम थांबलं. हा आवाज घरात इतका मुरलेला असतो की चालू असताना ऐकू येत नाही. बंद पडला की कळतो. सोमाजी दाराकडं वळला. मेंढरं उभी होती, तोंडं मिटून, सगळी ह्या खोलीकडं बघत.

मग रवंथ पुन्हा सुरू झालं. सावकाश, एकाच तोंडाचं.

बाहेर एकाही मेंढराचा जबडा हलत नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी भिंत कोरी होती. चुना होता तसा पांढरा, एका डोळ्याला पांढरा आणि एका डोळ्याला चहाचा. सोमाजीनं दहा वेळा डोळे झाकून बघितलं आणि स्वतःलाच चार शिव्या दिल्या. म्हातारपणी माणूस भिंतीशी बोलतो, मग भिंत त्याला खेळवणारच. त्यानं खोलीला पांढऱ्याचे दोन हात मारले. सृष्टीची खाट आत टाकली.

शुक्रवारी बांडी मेंढी व्याली. कोकरू चांगलं होतं, उभं राहिलं, आचळाला लागलं. सोमाजीनं त्याला उचलून पुसलं तेव्हा पोटाखाली, केस विरळ असतात तिथं, अंगठ्याएवढा ठिपका दिसला.

त्यानं कोकराला ऊन लागेल असं धरलं. एक डोळा झाकला. दुसरा झाकला. मग कोकरू खाली ठेवलं आणि म्हाळसाबाईला काही सांगितलं नाही.

बांडीनं त्याला दुपारपर्यंत पाजलं. नंतर जवळ येऊ देईना. ढुशी मारायची, कुडाच्या कोपऱ्याला जाऊन उभी राहायची. कोकरू ओरडत नव्हतं. सोमाजी तिथून गेला की मान वळवून त्याच्याकडं बघायचं, हाक मारल्यासारखं. रविवारी सकाळी ते मेलेलं सापडलं. जखम नाही, जुलाब नाही, फेस नाही. अंगाला हात लावला तर आत काही नसल्यासारखं हलकं.

"थंडीनं गेलं," म्हाळसाबाई म्हणाली.

"माघ सरत आला, आता कसली थंडी?"

"मंग कशानं गेलं, तू सांग."

सोमाजीनं कोकरू उलटं केलं. पोटाखाली ठिपका नव्हता. साधी गुलाबी कातडी होती.

ते पुरून येताना त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली आणि मग निघेना. त्यानं नातीला काय सांगितलं होतं? आधी वस्तू, मग रंग, मग नाव. आणि केलं काय? वस्तू नसलेल्या रंगाला नाव देऊन बसला. आता नाव होतं. त्या नावाची वस्तू अजून व्हायची होती.

त्या नावाला कोकरू पुरलं नव्हतं.

६

मंगळवारी सृष्टी बाळंत झाली. मुलगी, पावणेतीन किलो. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या, पांढऱ्या खोलीत निजल्या. सून रजा काढून बारशाला येणार होती. तोवर घरच्या रिवाजाप्रमाणं पोरीला नाव द्यायचं नव्हतं. नुसतं बाळ म्हणायचं.

सोमाजी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला तो बसलाच. जेवण तिथं, तंबाखू तिथं.

"बाळंतिणीच्या दारात काय ठाण मांडलंय?" म्हाळसाबाई करवादली. "पोरीला पाजायचं असतं. लाज वाटत न्हाई?"

"पाठ करून बसतो की."

पाठ करून बसलं की ऐकू जास्त येतं. दुपारी दोघी मायलेकी झोपल्या, म्हाळसाबाई मागं भांडी घासायला गेली, की ते सुरू व्हायचं. सावकाश चावल्याचा आवाज. आधी भिंतीशी. दुसऱ्या दिवशी खोलीच्या मधोमध. पाचव्या दिवशी पाळण्याखाली. तो झटकन वळून बघायचा तर पांढरी खोली, पांढरी दुपटी, झोपलेलं पोर. उंदीर असेल म्हणून त्यानं पिंजरा लावला. पिंजऱ्यातली भाकरी तशीच वाळून गेली.

पोरीच्या अंगावर तो रोज ठिपका शोधायचा. आंघोळ घालताना उभा राहून बघायचा. काही नव्हतं. फक्त आठवडाभराचं पोर जसं कुठंही बघतं तसं ती बघत नव्हती. ती एका जागी बघायची, पाळण्याच्या कडेला, आणि तिची नजर हळूहळू सरकायची. कुणी तरी पाळण्याभोवती फिरत असल्यासारखी.

नवव्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई पोरीला मांडीवर घेऊन हलवत होती. तोंडानं काही तरी गुणगुणत होती, शब्द नसलेलं. सोमाजी चहा पीत होता. त्या गुणगुणण्यात तिनं एकदा ती दोन अक्षरं म्हटली.

कप त्याच्या हातातून जमिनीवर गेला. "काय म्हनलीस?"

"कुटं काय? आंगाई म्हनते."

"त्यात नाव घेतलंस तू."

"मी कुनाचं नाव घेतलं न्हाई," म्हाळसाबाई म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

सृष्टी आतून हसत बाहेर आली. केस मोकळे, चेहरा धुतलेला. "आजोबा, बरं झालं विषय निघाला. मला बाळाचं नाव सुचलंय. सकाळी उठले आणि एकदम तोंडात आलं. छोटंसं आहे, दोनच अक्षरी. तुम्ही नाव ठेवणार नाही ना माझ्या नावाला?"

आणि तिनं ते म्हटलं.

मांडीवरच्या पोरीनं मान वर केली. नऊ दिवसांच्या पोरीनं, कुणी हात न लावता, सरळ मान वर केली.

७

"हे नाव ठिवायचं न्हाई," सोमाजी म्हणाला.

"का पण?"

"आपल्यात एक मेंढी व्हती त्या नावाची. रोगानं मेली."

"शी," सृष्टी म्हणाली. "आधी सांगायचं ना. मग दुसरं बघू."

पण दुसरं बघून काय होणार होतं? उद्या म्हाळसाबाईच्या तोंडून येईल, परवा बारशाला सृष्टीच्या आत्याच्या. नाव घरात होतं तोवर कुणाच्या ना कुणाच्या जिभेवर चढणारच. ते घरातून न्यायला पाहिजे होतं, आणि ज्यानं हाक मारून आत घेतलं त्यानंच.

दहाव्या दिवशी सकाळी तो टोपी घालून निघाला. खिशात मोबाइल, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. अंगणात उभा राहून, मेंढपाळ पुढं होऊन मेंढरांना बोलावतो तशी त्यानं हाक घातली. दोन अक्षरं. आणि मागं न बघता चालायला लागला.

वाडीच्या बाहेर येईपर्यंत काही नव्हतं. ओढा ओलांडला तेव्हा मागं खडे वाजले. हलकी पावलं. चार असावीत, मधेच दोन. तो थांबला की थांबायची.

मालक सापडलाच नाही तर बाप चुकलेलं मेंढरू कोकणात दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. पण हे कुणाच्या गळ्यात मारायचं? वाटेत एक काळा धोंडा लागला, बैलाएवढा. सोमाजीनं त्यावर हात ठेवून म्हटलं, "आजपासनं हे तुझं नाव," आणि धोंड्याला ती दोन अक्षरं दिली. पावलं धोंड्यापाशी घुटमळली. हुंगल्याचा आवाज आला. मग पुन्हा मागं निघाली. दगडात त्या नावाला राहता येत नव्हतं. जिवंत वस्तू पाहिजे होती, आणि कोकरापेक्षा मोठी. किंवा जिला अजून दुसरं नाव नाही अशी.

तो हाका मारत चालला. हाक थांबली की पावलं मागं फिरतात, घराकडं, हे त्याला दोनदा कळलं. तीन तासांत गळा बसला. घाटघरला पोहोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

रस्त्याकडेच्या ओट्यावर एक बाई नाचणी पाखडत बसली होती. तिला सगळे साळुबाई म्हणायचे. तिचं घर सोमाजीनं पूर्वी रंगवलं होतं, पण तिनं त्याला ओळखलं नाही. तिनं तांब्या दिला. "बसा पावणं. लई लांबून आलात वाटतं."

सोमाजी पाणी प्यायला. तेवढ्यात पावलं त्याच्या बाजूनं पुढं गेली. ओट्याच्या पायरीवर वाजली. आतून तान्ह्या पोराचं हसणं आलं.

"नातू हाय," साळुबाई म्हणाली. "तीन म्हयन्यांचा हाय. बारसं ऱ्हायलंय. अजून नाव ठिवलं न्हाई." सुपातली नाचणी झटकत तिनं सहज विचारलं, "तुमचं नाव काय म्हनायचं?"

सोमाजीनं उंबऱ्याकडं बघितलं. भर उन्हात ते तिथं उभं होतं, गुडघ्याएवढं. पाय कोकराचे होते, नीट जमलेले. पाठ जमली नव्हती. तोंड दाराच्या आत होतं म्हणून दिसलं नाही, पण एक कान दिसला, माणसाच्या पोराचा, आणि तो हसण्याच्या आवाजाकडं वळत होता.

त्याला गिळायला थुंकी नव्हती. तरी त्यानं साळुबाईला आपलं नाव सांगितलं. ती दोन अक्षरं.

उंबऱ्यावरचा कान त्याच्याकडं वळला.

साळुबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग न उठता, बसल्या बसल्याच ती दाराच्या दिशेनं मागं सरकली आणि पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. उंबऱ्यावर आता कुणी नव्हतं. आत पोर हसत होतं, साधं, पोरासारखं.

सोमाजीनं तांब्या पुढं केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडंच राहू द्या."

८

घाटाच्या तोंडाशी दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. दगडावर बसलेल्या माणसानं तो कानाला लावला. मागं पावलं नव्हती. कालपासून नव्हती.

"आजोबा, आहात कुठं तुम्ही? आजी रडतीये. पप्पा गाडी घेऊन तुम्हाला शोधायला गेलेत." पोरीचा आवाज होता. मागं बायकांचा गलका, भांड्यांचे आवाज. "ऐका तरी. बारसं उद्यावर थांबवणार होतो, पण आत्याला उद्या जायचंय, म्हणून आजच उरकलं. समृद्धी ठेवलं. आवडलं ना? ते दुसरं तर मला आता आठवतही नाही. गंमत बघा, सकाळपासून आठवतेय, येतच नाही."

त्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला. समृद्धी. चांगलं नाव होतं, तीन अक्षरी, भरभक्कम. तान्हीला ते पुरणार होतं आणि ती त्याला पुरणार होती.

"ब्येस झालं," तो म्हणाला.

पलीकडं गलका चालू होता.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं. "हा आजोबांचा फोन आहे. कोण बोलतंय?"

तो उत्तर द्यायला गेला. तोंड उघडलं. सत्याहत्तर वर्षं लोकांनी आपल्याला काही तरी म्हणून हाक मारली होती, एवढं त्याला आठवत होतं. बापानं मारली होती, बायकोनं रागानं मारली होती. काय म्हणून, ते आठवत नव्हतं. तोंडात एकच नाव होतं. ते दातांशी येऊन उभं होतं आणि पोरगी पलीकडून विचारत होती, पुन्हा पुन्हा, तान्ही तिच्या कुशीत रडत असताना.

त्यानं दात आवळले आणि फोन बंद केला.

तो लगेच पुन्हा वाजला. त्यानं तो दगडावर ठेवला आणि काठी टेकत घाट उतरायला लागला. वाजणं बराच वेळ ऐकू येत होतं, बंद पडून पुन्हा सुरू होत होतं. वरून कुणी तरी हाक मारतंय, एवढं त्याला कळत होतं. कुणाला, ते कळत नव्हतं.